यंत्राशेजारी ‘का’ लिहा: विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयांना खुलं पत्र

विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयांचे संचालक, क्युरेटर आणि दालनांची मांडणी करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगते. तुमच्या दालनातल्या प्रत्येक यंत्राशेजारी ते असंच का आहे, हे लिहा. नाव, साल, बनवणारा, देणगीदार, एवढं आजही पाटीवर असतं. त्याखाली आणखी चार ओळी हव्या आहेत. बनवणाऱ्यासमोर अडचण कोणती होती, त्याने आणखी काय काय करून पाहिलं, आणि शेवटी हाच आकार, हीच जोडणी का टिकली?

मी यंत्ररचना शिकवते. विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेणं हा माझ्या कामाचा भाग आहे. मुलं काचेसमोर थांबतात, पाटी वाचतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. त्यांना कुतूहल नसतं असं अजिबात नाही. पाटीच त्यांना परत यंत्राकडे बघायला लावत नाही. साल वाचून कुणी मान वर करून एखादं चाक निरखत नाही. ‘हे चाक इथे का?’ असा प्रश्न वाचला की मात्र निरखावंच लागतं.

मला काय म्हणायचं आहे, ते एका यंत्रावरून सांगते. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांच्या कंपनीचं १७८८ सालचं वाफेचं इंजिन आहे. त्याच कंपनीचं १७८५ चं इंजिन सिडनीच्या पॉवरहाऊस म्युझियमच्या संग्रहात आहे. दोन्हींत एक वेगळीच रचना दिसते. वर-खाली डुलणाऱ्या तुळईच्या टोकाला एक दांडा लटकतो. दांड्याच्या तळाशी एक दातेरी चाक घट्ट बसवलेलं आहे, आणि ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे फेरी एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाच्या, आसावरच्या दुसऱ्या दातेरी चाकाभोवती घिरट्या घालतं. याला सूर्य-ग्रह गिअर म्हणतात. ग्रहाचं चाक दांड्याला जखडलेलं असल्याने स्वतःच्या आसावर गरगरत नाही, सूर्याच्या भोवती मात्र जातं. दोन्हींचे दाते सारखे असले तर तुळई एकदा वर-खाली होईतो फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्या होतात.

बघणारा थक्क होतो, आणि व्हावंच. पण वर-खाली हालचालीतून गोल फेरी काढायला साधा क्रँक, म्हणजे आसाला जोडलेला वाकडा दांडा, पुरेसा होता आणि वॉटला तो चांगला ठाऊक होता. मग एवढा खटाटोप कशासाठी? वाफेच्या इंजिनावर क्रँक वापरण्याचं पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डने घेऊन ठेवलं होतं. त्याच्याशी देवाणघेवाण करण्याची वॉटची तयारी नव्हती. म्हणून १७८१ मध्ये त्याने गोल फेरी मिळवण्याच्या पर्यायी रचनांचं स्वतःचं पेटंट घेतलं. त्यातली सूर्य-ग्रहाची कल्पना त्याच्याच कंपनीतल्या विल्यम मर्डॉकची असं मानलं जातं. पिकार्डच्या पेटंटची मुदत संपल्यावर क्रँक परत आला आणि सूर्य-ग्रह हळूहळू मागे पडला.

म्हणजे त्या इंजिनाचा सगळ्यात देखणा भाग एका कायदेशीर अडचणीतून जन्माला आलेला आहे. हे कळलेला विद्यार्थी पुढच्या यंत्रापाशी गेला की आपणहून विचारतो, इथे कोणती अडचण होती? पैशाची, धातूची, जागेची, की दुसऱ्याच्या पेटंटची? ही सवय लागली की त्याला यंत्र बघता येऊ लागलं असं मी समजते. यासाठी नवीन दालन लागत नाही. चार ओळी लागतात.

वॉटचीच आणखी एक वस्तू ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममध्ये आहे. वॉटच्या आधीचं वाफेचं इंजिन बनवणाऱ्या न्यूकोमेनच्या इंजिनाची ती छोटी प्रतिकृती विद्यापीठात शिकवण्यासाठी वापरत. ती नीट चालेना, म्हणून १७६३ च्या हिवाळ्यात वॉटकडे दुरुस्तीला आली. त्याने ती दुरुस्त केली, तरी काही फेऱ्या मारून ती थांबायची, कारण बॉयलरची वाफ पुरायची नाही. मोठं इंजिन खाणीतून दिवसरात्र पाणी उपसतं आणि त्याचीच लहान आवृत्ती धापा टाकते, असं का व्हावं? आकार लहान केला की सिलिंडरचं घनफळ जितकं घटतं तितका त्याचा पृष्ठभाग घटत नाही. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफेचं पाणी करायला दर फेरीत सिलिंडरमध्येच थंड पाणी फवारत. मग सिलिंडरही गार व्हायचा आणि पुढची बरीचशी वाफ त्याला पुन्हा तापवण्यातच खर्ची पडायची. मोठ्या इंजिनातही हेच घडत होतं. छोट्यात ते डोळ्यांवर आलं. यातूनच १७६५ मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफेचं पाणी करणाऱ्या भांड्याची, कल्पना सुचली. वाफ थंड करायची ती दुसऱ्या भांड्यात, म्हणजे सिलिंडर गरमच राहतो. पेटंट १७६९ चं.

आता विचार करा, ही प्रतिकृती सुरळीत चालली असती तर? नीट न चालणाऱ्या एका वस्तूने वाफेच्या इंजिनाचं भवितव्य बदललं. ‘हे यंत्र नीट चालत नव्हतं’ असं ठळक अक्षरांत लिहिण्यात तिची सगळी थोरवी आहे. तरीही अपयश दाखवताना संग्रहालयं संकोचतात, असा माझा अनुभव आहे. दालनातून फिरताना वाटतं की माणसाने सरळ एका यशाकडून दुसऱ्या यशाकडे उड्या मारल्या. शिकणाऱ्या मुलावर याचा फार वाईट परिणाम होतो. त्याचं स्वतःचं यंत्र पहिल्याच दिवशी बंद पडलेलं असतं. मग त्याला वाटतं, आपण त्या थोर माणसांच्या जातकुळीतले नाही.

ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसनची सागरी घड्याळं आहेत. जहाजावर रेखांश कळायला अचूक घड्याळ हवं होतं आणि ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये त्यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं. हॅरिसनचं पहिलं घड्याळ १७३५ चं. तिसऱ्यावर त्याने जवळजवळ १९ वर्षं घालवली आणि तरीही ते हवं तेवढं अचूक झालं नाही. अखेर त्याने मार्गच बदलला. १७५९ मध्ये पूर्ण झालेलं चौथं घड्याळ मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं दिसतं आणि बाजी त्यानेच मारली.

साहजिकच गर्दी चौथ्याभोवती होते. मी माझ्या विद्यार्थ्यांना तिसऱ्यापाशी थांबवेन. तापमान बदललं की घड्याळाचा वेग बदलतो, यावर उपाय म्हणून हॅरिसनने त्यात पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना रिव्हेट मारून जोडल्या. उष्णतेने पितळ जास्त वाढतं, पोलाद कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि ते वाकणंच दुरुस्तीच्या कामी येतं. पुढे हीच द्विधातूपट्टी असंख्य थर्मोस्टॅटमध्ये गेली. घर्षण कमी करायला त्याने रोलर एका पिंजऱ्यात धरून ठेवणारी बेअरिंग केली. तिचे वंशज आज बहुतेक फिरत्या यंत्रांत आहेत. फसलेल्या घड्याळाने जगाला या दोन गोष्टी दिल्या. ‘तिसरं घड्याळ, १७४० ते १७५९’ एवढ्याच पाटीतून हे कसं कळणार?

त्याच घड्याळांविषयी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पहिली तीन चालू ठेवता येतात, चौथं मात्र थांबवून ठेवलेलं असतं. पहिल्या तिघांना तेल लागत नाही. चौथ्याला लागतं, आणि चालू ठेवलं तर त्याचे भाग झिजतील. एक घड्याळ बंद का आहे, या प्रश्नाच्या उत्तरात वंगण, झीज आणि वस्तू जपण्याचं शास्त्र एकत्र येतात. तुमच्याकडच्या प्रत्येक बंद यंत्रापाशी एवढं एक वाक्य असलं तरी खूप झालं.

अपयशाचं आणखी एक उदाहरण जड मनाने देते, कारण त्यात माणसं गेली. जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट जेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं. समुद्रतळातून काढलेल्या सांगाड्याचा एक तुकडा सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. छतावर अँटेनासाठी कापलेल्या खिडकीपाशी दर उड्डाणात चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबाने धातू थकला होता आणि तडा तिथूनच पसरला. हे शोधण्यासाठी इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधकांनी दुसऱ्या एका कॉमेटचा सांगाडा भल्यामोठ्या टाकीत ठेवला आणि आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून उड्डाणांची नक्कल केली. हवेऐवजी पाणी का? हवा दाबली जाते आणि ऊर्जा साठवते. फुटताना सगळ्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या आणि तडा कुठून सुरू झाला हे कळलंच नसतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून तडा गेला की दाब लगेच उतरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो. विमानाने प्रत्यक्ष केलेली उड्डाणं धरून ३,००० हून थोड्या जास्त फेऱ्यांनंतर सांगाडा फाटला. प्रयोग कसा रचावा हे शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता बटणांविषयी. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापन केलं, तेव्हा प्रेक्षकाने हँडल फिरवावं, बटण दाबावं आणि कापून उघडं केलेलं यंत्र आतून हलताना बघावं, हा विचार मोठा धाडसी होता. आज बटण सगळीकडे आहे, पण अनेकदा ते दाबल्यावर एक व्हिडिओ सुरू होतो. हात बटणावर, डोळे पडद्यावर आणि शेजारचं खरं यंत्र तसंच अबोल. किंवा बटण दाबलं की दिवा लागतो आणि मधलं सगळं पेटीत बंद.

फॅरेडेचं लोखंडी कडं घ्या, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मूळ कडं आहे. त्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी, एकमेकींना न टेकणारी. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने एका वेटोळ्यात बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसुई हलली आणि परत जागेवर आली. प्रवाह चालूच होता, तरी सुई गप्प. बॅटरी काढली तशी ती पुन्हा हलली. दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते ती बदल घडत असतानाच, हा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा गाभा त्या सुईच्या परत येण्यात आहे.

याची प्रतिकृती करताना कृपया दिवा लावू नका. साधी खटक्याची कळ द्या, समोर सुई ठेवा आणि मुलांना कळ खाली दाबून धरू द्या. मूल कळ दाबून धरतं आणि सुई परत आलेली बघतं. ‘बिघडलंय वाटतं,’ म्हणून कळ सोडतं, तर सुई उलट दिशेला उसळते. मग ते पुन्हा दाबतं, या वेळी हळू, सुईवर नजर ठेवून. त्या हिरमुसण्यातून ते फॅरेडेच्या जागी जाऊन उभं राहतं. तो हिरमोड मुलांपासून हिरावून घेऊ नका.

पडद्यांना माझा सरसकट विरोध नाही. अँटिकिथेरा यंत्र म्हणजे ग्रहणं आणि आकाशातल्या गती सांगणारं प्राचीन ग्रीक दातेरी यंत्र. त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, गंजलेले आणि एकमेकांत घट्ट रुतलेले. ते उघडणं अशक्य. २००५ मध्ये क्ष-किरणांच्या त्रिमितीय छायांकनाने त्यांच्या आतले दाते मोजता आले आणि एका मोठ्या चाकाला २२३ दाते असल्याचं मानलं गेलं. ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांचं असतं! इथे पडद्याशिवाय गत्यंतर नाही, आणि दात्यांवरून चक्रापर्यंत माणसं कशी पोचली हे पडदा उत्तम दाखवू शकतो. जे उघडून दाखवता येतं तिथे मात्र उघडूनच दाखवा.

पाटी आणि बटण यांच्याही आधी संग्रहालयांकडे माणूस होता. पॅरिसमध्ये १७९४ साली ग्रेग्वार या लोकप्रतिनिधींच्या प्रस्तावावरून कला आणि हुन्नरांचं काँझर्व्हातवार, म्हणजे जतनालय, कायद्याने स्थापन झालं. यंत्रं, प्रतिकृती, अवजारं, आराखडे, वर्णनं आणि पुस्तकं एका जागी ठेवायची आणि यंत्रांची रचना व वापर तिथे समजावून सांगायचा, असा त्या कायद्याचा आशय होता. नेमणुका कुणाच्या? तीन प्रात्यक्षिककार आणि एक आराखडाकार. हे वाचल्यापासून माझ्या मनातून ते जात नाही. संग्रहालयाची पहिली गरज म्हणजे यंत्र चालवून दाखवणारा माणूस आणि ते कागदावर उतरवणारा माणूस, हे त्या लोकांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

त्याचं फळही मिळालं. व्होकान्सन या फ्रेंच यंत्रकाराचा जुना, मोडका कापड विणायचा माग तिथे पडून होता. जॅकार्ड या विणकराने तो दुरुस्त केला आणि त्याच्या अभ्यासातून पुढे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा आपला माग तयार केला. त्या पत्त्यांची कल्पना इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे योजलेल्या गणनयंत्रासाठी, उचलली. संग्रहालयातल्या एका मोडक्या वस्तूला हात लावायची परवानगी मिळाली, त्यातून काय काय निघालं पाहा.

बॅबेजचं नाव आलंच आहे, तर ‘का’ या प्रश्नाचा एका संग्रहालयाने किती सुंदर पाठपुरावा केला ते सांगायलाच हवं. बॅबेजची गणनयंत्रं त्याच्या हयातीत पूर्ण झाली नाहीत. त्या काळच्या कारागिरीला एवढी अचूकता जमणारी नव्हती, असं कारण वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. सायन्स म्युझियमने ते तपासायचं ठरवलं. १८४७ ते १८४९ मधल्या आराखड्यांवरून त्यांनी दुसरं डिफरन्स इंजिन, म्हणजे गणिती कोष्टकं काढणारं बॅबेजचं यंत्र, बांधलं, आणि भागांची अचूकता १९व्या शतकात साधणारी होती तेवढीच ठेवली. आराखड्यांत काही चुका निघाल्या, त्या निस्तरल्या. बॅबेजच्या जन्माला २०० वर्षं झाली त्या १९९१ सालीच गणनाचा भाग पूर्ण झाला आणि त्याने बरोबर उत्तरं दिली. छपाईचा भाग २००२ मध्ये जोडला गेला. म्हणजे कारागिरीच्या मर्यादेवर सगळा दोष टाकता येत नाही. मग बघावं लागतं सरकारी पैशाकडे, बॅबेजच्या सतत बदलणाऱ्या योजनांकडे आणि जोसेफ क्लेमंट या कुशल कारागिराशी झालेल्या भांडणाकडे. इतिहासातल्या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्ष धातूत घडवून मिळालं. संग्रहालयाने असं काही केलं की माझा ऊर भरून येतो.

मर्डॉक, क्लेमंट, अशी नावंही पाटीवर यायला हवीत. राइट बंधूंचं विमान सगळे डोळे भरून बघतात. त्याच्या पंखांचा आकार १९०१ मध्ये त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात स्वतः केलेल्या सहा फुटी लाकडी वायुबोगद्यात, म्हणजे वारा सोडून नमुने तपासायच्या पेटीत, ठरला. हवेच्या बलाच्या उपलब्ध कोष्टकांवरचा विश्वास उडाल्यावर त्यांनी सायकलचे स्पोक आणि करवतीची पाती वापरून हवेचं बल मोजणारे तराजू केले आणि पंखांचे कितीतरी छोटे नमुने तपासले. त्यांचं इंजिन दुकानातला कारागीर चार्ली टेलरने बनवलं. विमान ठेवायला मोठं दालन लागतं. एवढी गोष्ट सांगायला हातभर जागा पुरते.

यावर काय आक्षेप येतील, तेही मला ठाऊक आहेत. लांब पाट्या कुणी वाचत नाही, हे खरं आहे, म्हणूनच चार ओळी म्हणते आहे. मूळ वस्तू चालवली तर झिजते, हेही खरं. तिथे प्रतिकृती चालवा. आणि प्रत्येक वस्तूचं ‘का’ कुणाला माहीत असतं? नसेल तिथे तसं मोकळेपणाने लिहा. ‘हा भाग असा का केला असावा, याची आम्हाला खात्री नाही’ असं लिहिलेली पाटी कुठे दिसली, तर माझे विद्यार्थी तिथून तासभर हलणार नाहीत. जिथे माहीत आहे तिथे ते तुमच्याच फाइलींत आहे, आणि खरी हळहळ तिथेच वाटते. एखादं यंत्र जतनासाठी खोललं की कोणता भाग किती झिजला होता, कोणता नंतर बदलला गेला, आधीच्या दुरुस्तीत काय चुकलं होतं, हे सगळं तुमचे तंत्रज्ञ नोंदवतात. तो अहवाल मग कपाटात जातो. शिकवणाऱ्याला त्याहून मोलाचा कागद दुसरा नाही.

तो खुला करा. मापांसहित आराखडे खुले करा, यंत्र चालतानाची चित्रफीत तीन-चार बाजूंनी घेऊन ठेवा. हे अशक्य नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा कोणत्याही बंधनाशिवाय वापरायला दिल्या. कॉर्नेल विद्यापीठाने रोयलो या जर्मन अभियंत्यांच्या यंत्ररचनांच्या १९व्या शतकातल्या प्रतिकृती चलत्चित्रांसह सर्वांसाठी मांडल्या. चार दांड्यांची जोडणी शिकवायला मी त्याच वापरते. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सान फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमने तर आपली प्रदर्शनं कशी बांधायची याच्या कृती छापून इतर संग्रहालयांना दिल्या आणि आपली कार्यशाळा प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवली. तिथे बिघडलेलं प्रदर्शन दुरुस्त होतानाही लोक बघतात. ज्यांना तुमच्या दारापर्यंत कधीच येता येणार नाही, अशी शिकणारी मुलं येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठी तुमचं संग्रहालय म्हणजे तुम्ही जे खुलं कराल तेवढंच.

सुरुवात एका दालनापासून करा. त्यातली दहा यंत्रं निवडा, त्यात निदान एक फसलेलं असू द्या. प्रत्येकाच्या चार ओळी तुमच्या क्युरेटरनी, तंत्रज्ञांनी आणि एखाद्या शिक्षकाने एकत्र बसून लिहाव्यात. लावण्याआधी त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर ती मुलं यंत्राकडे वळून बघतात का, ते पाहा. बघत नसतील तर ओळी बदला. मसुदे लिहायला, मुलांसमोर वाचून बघायला, आराखडे तपासायला माझ्यासारखे शिक्षक आनंदाने वेळ देतील. तुम्ही बोलवा.

आपली,
यंत्ररचना शिकवणारी एक शिक्षिका